शीतलला न पाठवलेलं वाक्य

स्वतःशी हे मी शेकडो वेळा बोलले आहे. भांडी घासताना, बस स्टॉपवर, देवासमोर डोळे मिटल्यावर. दुसऱ्या माणसाच्या कानावर मात्र आज पहिल्यांदा घालते आहे. आणि खरं सांगू? तुमचाही मला पुरता भरवसा नाही. तुम्ही मान डोलवाल, "अहो, होतं असं कधी कधी" म्हणाल, मला बरं वाटेल असं काहीतरी बोलाल. तेवढं करू नका. समोरच्याला बरं वाटेल असं बोलण्यात माझं आयुष्य गेलं आहे. त्यातली मेख मला चांगली ठाऊक आहे.

निमित्त झालं एका इंग्रजी शब्दाचं.

मी घाटकोपरच्या एका मराठी शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. लग्न केलं नाही. निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली, पण नात्यातल्या कुणाला अर्ज लिहायचा असला, स्पेलिंग अडलं, की अजून मलाच फोन येतो. मागच्या महिन्यात शीतलचा व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला. शीतल म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची सून. ती नोकरी करते, बढतीची परीक्षा देते आहे, आणि त्यासाठी शब्दांची मोठी यादी पाठ करते आहे. तिने लिहिलं होतं, "मावशी, पँडर म्हणजे काय हो? वाक्यात कसा वापरायचा?"

साधा प्रश्न. मी लगेच उत्तर लिहिलं—लांगूलचालन करणे, हांजी हांजी करणे. खाली एक वाक्यही दिलं, पुढारी मतदारांचं लांगूलचालन करतात अशा अर्थाचं. वर्गात द्यावं तसं बिनधोक वाक्य. पाच मिनिटांत तिचा दुसरा मेसेज आला. "पण मावशी, पुस्तकात 'पँडर टू हर फिअर्स' असं दिलंय. तिच्या भीतीचं लांगूलचालन? हे कसं बसणार?"

मी फोन पालथा ठेवला.

तिच्या. भीती. का बरं नेमकं हेच विचारावं तिने? पुस्तकात खरंच असं वाक्य असेल? मी लगेच उठले, माझी जुनी डिक्शनरी काढली, तीनदा ते पान वाचलं. असेलही पुस्तकात. पण ते फोटो काढून का नाही पाठवलं? एरवी ती प्रत्येक गोष्टीचा फोटो काढून पाठवते. तिला काही कळलंय का? कोणी सांगितलं? सांगणारं तर कोणी उरलेलंच नाही—एक मी सोडून.

तुम्हाला आता ताईबद्दल सांगायला हवं. ताई माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी. आमचं गाव मालवणजवळ. मेव्हणे मिलमध्ये होते, आणि ताईने मला हाताला धरून मुंबईला आणलं, शाळेत घातलं. मी शिकले ती तिच्यामुळे. घरात मला 'बेबी' म्हणत, आणि साठी उलटली तरी तिच्यासाठी मी बेबीच होते. मेव्हण्यांच्या मागे गावच्या घरातला तिचा वाटा दिराने गोड बोलून, सह्या घेऊन गिळला. तेव्हापासून ताईचा माणसांवरचा विश्वास उडाला तो उडालाच. नाहूरला तिच्या मुलाने, मंगेशने, फ्लॅट घेतला. तिथे ती राहायला आली आणि संशयही तिच्याबरोबर राहायला आला. दूधवाला पाणी घालतो. खालचा वॉचमन आपल्याकडे कोण येतं-जातं ते लिहून ठेवतो. मंगेशचं लग्न झालं आणि शीतल घरात आली. मग बाहेरच्या लोकांकडे बघायला ताईला वेळच उरला नाही.

निवृत्त झाल्यावर मी रोज दुपारी घाटकोपरहून बसने तिच्याकडे जायचे. मंगेश पवईच्या ऑफिसात, शीतल तिच्या. घरात आम्ही दोघीच. ताई आवाज खाली आणून सांगायची—शीतलने तूप काढलं, शीतलने माझी चादर उलटी घातली, मुद्दाम. सगळं सांगून झालं की माझ्याकडे बघायची आणि विचारायची, "तुका काय वाटता गो?"

अगदी सुरुवातीला, एकदाच, मी म्हणाले होते की असं कसं असेल ताई, ती साधी मुलगी आहे. त्या दिवशी ताईने मला चहा विचारला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. हसण्यासारखी गोष्ट आहे ना? पन्नाशी ओलांडलेली बाई, तीस वर्षं पोरांना धाकात ठेवलेली, आणि बहिणीने चहा विचारला नाही म्हणून हिची झोप उडाली. तिसऱ्या दिवशी ताईने पुन्हा विचारलं, आणि मी म्हणाले, "तू म्हणतंस तां खरां."

लगेच चहा आला. सोबत खोबऱ्याची वडीही.

त्यानंतर मी कधी वेगळं उत्तर दिलं नाही. इथपर्यंत भित्रेपणा होता, मान्य. पण तुम्ही विचाराल, फक्त भित्रेपणाच होता का? नव्हता. हळूहळू मला त्याची गोडी लागली. ताईने विचारायच्या आधीच मी काहीबाही न्यायला लागले. शीतल फोनवर दार लावून बोलत होती. शीतलच्या आईने पिशवीतून काहीतरी नेलं. हे सगळं खरं होतं बरं का—दार लावलेलं होतं, पिशवीही होती. मी फक्त ते ताईसमोर ठेवायचे, आणि तिचे डोळे चमकायचे. जगात आपल्याला समजून घेणारी एकच व्यक्ती आहे अशा नजरेने ती माझ्याकडे बघायची. तशी नजर माझ्याकडे दुसऱ्या कुणी कधी टाकली होती?

दोऱ्याची कल्पनाही माझीच.

ताईच्या खोलीत तिचं लोखंडी कपाट होतं. त्यात आमच्या आईची नथ होती. कपाटाचं कुलूप कधीचं बिघडलेलं, आणि किल्लीवाल्याला घरात घ्यायला ताई तयार नव्हती. तो एक किल्ली स्वतःसाठी करून ठेवेल म्हणून. आपण आंघोळीला गेलो की कोणीतरी कपाट उघडतं, असं तिच्या मनाने घेतलं. शाळेत परीक्षेच्या प्रश्नपत्रिका ठेवलेल्या कपाटाला आम्ही दोरा बांधायचो आणि कागदाची पट्टी चिकटवून सही करायचो, म्हणजे कोणी हात लावला तर कळावं. मी ताईच्या शिवणाच्या डब्यातून काळा दोरा काढला, कपाटाच्या दोन्ही मुठींना एकेरी बांधला. कोणी उघडलं तर तुटेल, आणि लांबून दिसणारही नाही. ताई इतकी खूश झाली! रोज सकाळी उठली की आधी दोरा बघायची, मग तोंड धुवायची. दोन वर्षं तो दोरा तिथे होता. ताईला स्वतःला काही हवं असलं की मी सोडायचे आणि मीच बांधायचे. या दोन वर्षांत तो एकदाही तुटला नाही. यावरून मला तरी काही कळायला हवं होतं की नको?

मग ताईला मलेरिया झाला. शीतलने बारा दिवस रजा काढली. पेज करून भरवली, अंग पुसलं, उलट्या काढल्या. मी दुपारी जायचे आणि खुर्चीवर बसून असायचे. करायला मला काही ठेवलेलंच नसायचं. एकदा मी पेजेची वाटी हातात घेतली, तर ताई म्हणाली, रव्हांदे, शीतू भरवात.

शीतू! मी दचकले. ताई बरी झाली, पण शीतूची शीतल काही पुन्हा झाली नाही. त्या वर्षी गौरी पूर्वा नक्षत्रात येणार होत्या. आमच्याकडे नव्या सुनेचा पहिला ओवसा त्याच वर्षी होतो, मग त्यासाठी लग्नानंतर कितीही थांबावं लागो. सून सुपं सजवून गौरीसमोर ओवसते, मग एकेक सूप घरातल्या मोठ्यांपुढे ठेवून नमस्कार करते, आणि ते त्या सुपात तिच्यासाठी काहीतरी घालतात. लग्नाला तीन वर्षं झाली होती, आता शीतलचा ओवसा होता. आणि गावचं घर गेल्यापासून गौर नाहूरलाच यायची.

एका दुपारी ताई मला म्हणाली, आईची नथ यंदा शीतूच्या सुपात घालतंय. पोरीचं कौतुक करत ताई पुढे म्हणाली, "चेडू बरां आसा गो. आपणच उगाच संशय घेतलो."

आपणच. म्हणजे मीसुद्धा. मग तिने माझ्या हातावर हात ठेवला, अगदी मायेने, आणि सांगितलं, "उन्हातना रोज येव नको तू. शीतू आसा मा माझ्याकडे. शनिवारी इलंस काय तो दोरो काढून टाक."

नथीसाठी मी पुढचं केलं असं तुम्हाला वाटेल. मलाही कधी कधी वाटतं. मी नथ कधी मागितली नव्हती, घालणार तरी कुठे होते? पण ती आईची होती, आणि ताईच्या मागे ती माझ्याकडे येईल असं मी धरून चालले होते, हेही खोटं नाही. तरीसुद्धा ते शेवटलं कारण. आधीचं कारण 'रोज येव नको' हे होतं. मी रोज दुपारी जाणार तरी कुठे होते?

शनिवारी सकाळीच गेले. मंगेश आणि शीतल गौरीच्या बाजारहाटाला बाहेर पडले होते. मलेरियापासून ताईने सकाळी दोरा बघायचं सोडलं होतं. ताई आंघोळीला गेली. नळाचा आवाज येत होता. मी दोरा काढायलाच कपाटापाशी गेले—ही शपथ मी स्वतःपाशी खूपदा घेतली आहे, पण तीही आता मला संशयास्पद वाटते. गाठ सोडायची होती. मी गाठ सोडली नाही. मधोमध बोट घातलं आणि ओढलं. तुटायला काहीच लागलं नाही. दोन्ही मुठींना दोन टोकं लोंबत राहिली. मी खुर्चीवर येऊन बसले, पेपर उघडला.

ताई केस पुसत बाहेर आली. आणि मी विचारलं, "ताई, दोरा तू काढलास?"

बघा, मी खोटं बोलले नाही. एक शब्द खोटा नाही. फक्त प्रश्न विचारला. इतकी वर्षं व्याकरण शिकवल्याचा हा उपयोग.

ताई कपाटाजवळ गेली. दोन्ही टोकं तिने हातात धरून पाहिली. मग पलंगावर बसली. तिचा चेहरा असा उतरला की मला वाटलं, सांगून टाकावं. तेव्हा सांगितलं असतं तर काय झालं असतं? ती चिडली असती, चार दिवस बोलली नसती, आणि मग हसलीही असती कदाचित. पण ती म्हणाली, "उघडल्यान गो तिना. तुका काय वाटता?" तिचे डोळे पुन्हा माझ्यावर होते. पहिल्यासारखे.

मी म्हणाले, "तू म्हणतंस तां खरां."

पुढच्या आठवड्यात गौरी आल्या. ताई कुणाला काही बोलली नव्हती. शीतलने नवी साडी नेसली होती, पाच सुपं सजवली होती, शेजारपाजारच्या बायका जमल्या होत्या, तिची आई मुलुंडहून आली होती. तिने गौर ओवसली आणि पहिलं सूप ताईपुढे ठेवून वाकली. ताईने सुपात एक नारळ आणि एक खण ठेवला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बघूचा होता तां बघलंस मा? मगे आता नथ कित्याक?"

शीतल वाकलेलीच राहिली. मग मान वर करून तिने विचारलं, "कुठली नथ, आई?"

कपाट उघडून बघितलेली बाई असं विचारेल? तिच्या आवाजात फक्त गोंधळ होता. ताईला ते नाटक वाटलं. बायकांनी एकमेकींकडे बघितलं. शीतलच्या आईने मान खाली घातली. मी सरबताचे पेले भरत होते. मी ते भरतच राहिले.

शीतलने चोरून कपाट उघडलं, एवढंच ताईने मंगेशला सांगितलं, दोऱ्याचं नाही. नंतर स्वयंपाकघरात त्याने तिला विचारलं, "तू नक्की नाही ना उघडलंस?" माझ्यासमोर. तो गेल्यावर ती माझ्याकडे वळली. "मावशी, तुम्हाला तरी वाटतं का मी असं करेन?"

मला वाटतं या सगळ्यात दोरा तोडणं इतकं वाईट नव्हतं जितकं मी त्यानंतर बोलले ते. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "जाऊ दे गं. वय झालंय तिचं. तू मनाला लावून घेऊ नकोस." म्हणजे तिलाही बरं वाटेल असंच बोलले. तिने माझा हात घट्ट धरला. त्या घरात आपल्या बाजूने एक तरी माणूस आहे असं तिला वाटलं.

सहा महिन्यांत ती दोघं बोरिवलीला भाड्याने राहायला गेली. ऑफिसला जवळ पडतं म्हणून, असं मंगेशने सांगितलं. पवईला ऑफिस असलेला माणूस ऑफिस जवळ पडावं म्हणून नाहूर सोडून बोरिवलीला जातो का? पण सगळ्यांनी मान डोलावली, मीही डोलावली.

मी ताईकडे राहायला गेले. मला हवं होतं ते मला मिळालं. रोजची दुपार, रोजचा चहा, सगळा दिवस आम्ही दोघी. शीतलबद्दल बोलायला काही उरलं नाही तेव्हा ताई गप्प राहू लागली. पुढे पुढे मी खोलीत गेले की ती उशीखाली काहीतरी सरकवायची. आणि एका सकाळी झाडू मारताना मला कपाटाच्या मुठींवर काळा दोरा दिसला. तो मी बांधला नव्हता. घरात तिसरं माणूस नव्हतं. तो माझ्यासाठी होता.

मी त्याला कधी हात लावला नाही. ताईनेही त्याचा विषय काढला नाही. तीन वर्षं आम्ही त्या दोऱ्याच्या दोन बाजूंना राहिलो आणि एकमेकींना चहा विचारत राहिलो.

ताई गेली. दिवसकार्य झाल्यावर कपाट उघडायचं ठरलं, तेव्हा मंगेशने मुठीला हात घातला आणि दोरा तुटला. "हे काय आहे?" तो म्हणाला. शीतलने खाली पडलेलं टोक उचललं. ते बोटाला गुंडाळत ती उभी राहिली. मग तिने माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात काय होतं? मी कितीदा ते आठवून पाहिलं आहे, आणि दर वेळी त्यात मला वेगळं काहीतरी दिसतं. मग तिने नथीची डबी काढली आणि माझ्या हातात दिली. म्हणाली, "मावशी, ही तुम्हीच ठेवा. आईंचं सगळं तुम्हीच केलंत."

सगळं तुम्हीच केलंत. हे ती साधेपणाने म्हणाली का? तेव्हा मी डोळे पुसले आणि नथ घेतली. ती अजून माझ्याकडे आहे.

आता हा शब्द. पँडर. मी तिला पाठवलेला अर्थ चुकीचा नव्हता, अर्धा होता. लांगूलचालन माणसाचं करतात. पँडर करतात ते माणसातल्या एखाद्या दुबळ्या, वाईट गोष्टीसाठी—त्याच्या हावेसाठी, रागासाठी, भीतीसाठी. ती भूक भागवायची, म्हणजे ती वाढते. मराठीत आपण रोज म्हणतो, खतपाणी घालणं. मला हे माहीत होतं. या शब्दाचा जुना अर्थही माहीत आहे, जो मी नववीच्या वर्गात कधी सांगितला नाही. मधे उभं राहून दुसऱ्याची नको ती हौस पुरवणारा माणूस. दलाल. पोरं हसली असती म्हणून सांगितला नाही. मी त्या दोघींच्या मधे उभी होते.

आणि ताईचं काय? मला वाटायचं मी तिला खूश ठेवते. ती खूश होती कधी? मलेरियानंतरचे काही आठवडे होती. तेवढेच. ते मी काढून घेतले. तिने इतकी वर्षं धरलेला संशय स्वतःहून सोडला होता, आणि मी तो उचलून पुन्हा तिच्या हातात दिला. ती तो घेऊनच गेली.

शीतल दर रविवारी फोन करते. माझ्या गोळ्या संपल्या का विचारते. मंगेशचं आणि तिचं ठीक आहे, पण त्याने विचारलेला तो एक प्रश्न ती विसरलेली नाही. एकदा बोलता बोलता म्हणाली होती, "यांनी विचारलं ना मावशी, तेच लागलं." मी तेव्हा म्हणाले, पुरुषांचं असंच असतं गं. पुन्हा तेच.

तिच्या दुसऱ्या मेसेजला मी त्या संध्याकाळी उत्तर दिलं. भीतीला खतपाणी घालणे, एवढंच लिहिलं. तिने हात जोडल्याचं चित्र पाठवलं. "आता समजलं, मावशी." काय समजलं? मी अजून विचार करते आहे, आणि विचारायची माझी छाती नाही.

तिने वाक्यात उपयोगही विचारला होता. मी दिलेलं पुढाऱ्यांचं वाक्य तिने वहीत उतरवून घेतलं असेल. मला येत असलेलं खरं वाक्य दुसरंच होतं. ते मी टाइप केलं, बराच वेळ बघत बसले आणि पुसून टाकलं. ते असं होतं—

बेबीने बहिणीच्या संशयाला वर्षानुवर्षं खतपाणी घातलं, आणि तो मरायला टेकला तेव्हा स्वतःच्या हाताने दोरा तोडून त्याला जगवलं. शीतलने कपाट कधीच उघडलं नव्हतं.